माईक धरणाऱ्याने गाऊ नये

मावशीला खोकला झाला आणि टिटवीवर गप्प बसायची वेळ आली.

आता एकीच्या खोकल्याचा दुसरीच्या तोंडाशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. बाबांनाही वाटलंच, आणि त्यांनी ते तीनचार वेळा बोलूनही दाखवलं. पण त्यासाठी आधी मावशी समजली पाहिजे. मावशी दातांची डॉक्टर. तिच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला जबडा उघडा ठेवून 'आँ' एवढंच म्हणता येतं. त्यामुळे दिवसभर तिला उलट उत्तर म्हणून कुणी देत नाही, आणि संध्याकाळी घरच्यांनीही तसंच वागावं अशी तिची साधी अपेक्षा असते. अशी ही शिस्तीची बाई एका बँडपायी ठार वेडी आहे.

त्या बँडची रीत जगावेगळी. बाकीच्यांच्या कार्यक्रमात 'रेकॉर्डिंग करू नये' असा फलक लावतात, इथे गाणाऱ्या ताई स्वतः स्टेजवर येऊन सुरुवातीलाच सांगतात, "घ्या, वाटा, पण विकू नका!" मग ऐकायला आलेल्यांतलेच काहीजण चांगले माईक घेऊन अख्खा कार्यक्रम टिपतात आणि गावोगावच्या बाकीच्या वेड्यांना फुकट पाठवून देतात. ही मंडळी स्वतःला 'वाटेकरी' म्हणवतात. आपल्या गावची वाटेकरी म्हणजे मावशी.

"फुकट?" बाबांनी विचारलं होतं. बाबा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आहेत. तिथे पाणीसुद्धा फुकट नसतं.

"फुकट."

"आणि बँडवाल्यांची हरकत नाही?"

"नाही."

"मग यात काहीतरी गोम आहे," बाबा म्हणाले आणि पेपरात शिरले.

वाटेकऱ्यांचा नियम मात्र कडक. माईक धरणाऱ्याने गाऊ नये. टाळी वाजवू नये, 'वा' म्हणू नये, शेजारणीच्या कानात कुजबुजू नये. कारण माईक हा मोठा चुगलखोर प्राणी, तो सगळ्यात आधी आपल्या जवळच्याचंच ऐकतो. म्हणजे बघा, हॉलमध्ये ज्याला ते गाणं सगळ्यात जास्त आवडतं, त्यानेच दगड होऊन बसायचं! आणि मावशीला तर असा खोकला झालेला की दोन वाक्यांच्या मध्ये स्वल्पविराम द्यावा तशी ती खोकत होती.

आणि नेमकं याच वेळी 'ओली वाट' होणार होतं.

'ओली वाट' हे त्या बँडचं गाणं कुठल्याच अल्बममध्ये नाही. मनात आलं तरच ते म्हणतात. वाटेकऱ्यांकडे त्याचं एकही धड रेकॉर्डिंग नव्हतं. एकदा ऐन धृपदात बॅटरी गेली, एकदा शेजारचं तान्हं मूल रडायला लागलं, आणि एकदा तर धरणाऱ्यानेच भान विसरून 'वा!' केलं, त्या गृहस्थांशी मावशी अजून बोलत नाही. रविवारी दुपारच्या कार्यक्रमात आपण हे गाणं शेवटचं म्हणणार आणि मग कायमचं ठेवून देणार, असं बँडने जाहीर केलं होतं.

"मी जाते. मी धरते माईक," टिटवी म्हणाली.

मावशी हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली. "तू? गप्प?"

हे टिटवीला लागलं. गेल्या वर्षापर्यंत या मुलीच्या तोंडून शब्द फुटत नसे. पाहुणे आले की ती दाराआड, बाईंनी प्रश्न विचारला की बाकाखाली पेन शोधायला. मग शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत कुणाचं तरी ऐनवेळी पोट दुखलं, हिला ढकललं गेलं, आणि हिने असं काही भाषण ठोकलं की शेवटच्या रांगेतले झोपलेले सर उठून बसले. तेव्हापासून जे सुरू झालं ते सुरूच. नुसतं बोलणं नाही, दुरुस्त्याही. बातम्यांतली बाई चुकली की ही टीव्हीशी बोले. आईने 'टिटवी' हे नाव तेव्हाच ठेवलं. आवाज ही तिची नवीकोरी वस्तू होती, आणि नवी वस्तू घरात ठेवून बाहेर जायला कुणाला आवडतं?

"बसेन गप्प," ती म्हणाली. "शब्द दिला."

"तुझ्याकडे शब्दच आहेत गं, म्हणून तर भीती वाटते," मावशी म्हणाली. पण माईक दिला. दोन्ही हातांनी दिला, मांजराचं पिल्लू द्यावं तसा. "टिटवे, त्या एका गाण्यासाठी मी किती वर्षं थांबलेय माहितीय ना?"

ते काही तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

सरावाची जबाबदारी बाबांनी स्वखुशीने घेतली. जेवताना त्यांनी शांतपणे जाहीर केलं, "चंद्र हा सूर्याहून मोठा."

टिटवीने घास गिळला.

"व्हेल हा मासा."

टिटवी पाणी प्यायली.

"आमच्या वेळी गणितात पाय नव्हताच. नंतर काढलाय."

"बाबा, काय हे!" टिटवी ओरडली. बाबांनी इतक्या समाधानाने आईकडे पाहिलं की टिटवी ताट घेऊन उठलीच.

शनिवारपर्यंत मात्र ती जिंकायला लागली. जिभेचं टोक दातांत धरायचं आणि मनातल्या मनात उत्तर द्यायचं, ही युक्ती तिला सापडली. बाबांचे चुकीचे सिद्धांत संपत आले.

तोपर्यंत बातमी जिन्यात पसरली होती. समोरच्या काकू दारातच म्हणाल्या, "माईक उंच हवा गं. आवाज धुरासारखा असतो, वर वर जातो. खाली धरलास तर नुसती खुर्च्यांची करकर येईल." आणि नको नको म्हणता त्यांनी बैठकीच्या खोलीतली पडद्याची दांडी काढून दिली. पडदा त्यांनी स्वतः हातात धरून ठेवला होता, त्यामुळे त्यांचं सगळं घर दिसत होतं. "आणि त्याला काहीतरी घाल वरून. माझा भाऊ टीव्हीवर दिसला होता ना, तेव्हा माईकला केसाळ टोपी होती."

केसाळ टोपी घरात नव्हती. बाबांचा लोकरीचा मोजा होता. तो माईकला अगदी बेतून शिवल्यासारखा बसला, इतका की बाबांना स्वतःच्या पायाबद्दल जरा शंका आली.

वरच्या मजल्यावरचे वकीलकाका जिना उतरता उतरता थबकले. "परवानगी आहे?"

"बँडने दिलीय काका. सगळ्यांनाच देतात."

"तोंडी?"

"हो, स्टेजवरून सांगतात."

"तोंडी परवानगी म्हणजे वारा!" वकीलकाका म्हणाले. "बँड आज इथे, उद्या तिथे. हॉलची लेखी आण." आणि एका मुलीची झोप उडवून ते निवांत भाजी आणायला गेले.

म्हणून टिटवी हॉलच्या ऑफिसात गेली. खिडकीत चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे ध्वनिक्षेपकाची परवानगी मिळते. दुसरी कसली नाही."

"पण मला आवाज करायचा नाहीये. घ्यायचाय."

"घ्यायचा म्हणजे? कुठे न्यायचा?"

"घरी. मग लोकांना वाटायचा."

"वाटायला वेगळी खिडकी. हँडबिलं तिकडे."

"हँडबिल नाही हो, आवाज वाटायचाय!"

बाईंनी चष्मा काढून पुसला. माणसं चष्मा पुसतात तेव्हा त्यांना दिसत नसतं असं नाही. समोरचं थोडा वेळ दिसू नये असं वाटत असतं. "हे बघ बाळ," त्या म्हणाल्या, "ध्वनिक्षेपक हवाय का नको?"

"द्या," टिटवी म्हणाली.

रविवारी दुपारी हॉलच्या दारात रखवालदार उभा होता. टिटवीच्या हातात पडद्याची दांडी, दांडीच्या टोकाला राखाडी मोजा. शेजारी बाबा. 'एकटी नको जाऊ' असं आई म्हणाली म्हणून ते आले होते. रविवारची झोप बुडाल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं.

"मोर्चा का?" रखवालदाराने विचारलं.

"माईक आहे. ही परवानगी."

त्याने चिठ्ठी वाचली. मग मोजा पाहिला. मग पुन्हा चिठ्ठी. "इथे ध्वनिक्षेपक लिहिलंय. यातून आवाज बाहेर येतो?"

"नाही, आत जातो."

"मग नाही चालायचं. परवानगी बाहेर येण्याची आहे, आत जाण्याची नाही."

तेवढ्यात बँडचे ढोलवाले दादा चहाचा कप घेऊन बाहेर डोकावले. प्रकार कळताच म्हणाले, "सोडा हो तिला! आमची काही हरकत नाही."

"तुमची नसेल," रखवालदार म्हणाला. "तुम्ही आज आहात. मी रोज असतो."

ढोलवाले दादा चहा घेऊन आत गेले. आतून वाद्यं जुळवल्याचे आवाज यायला लागले. टिटवीच्या डोळ्यांसमोर मावशीचा चेहरा आला. भांडावं? भांडायला तिची ना नव्हती, वक्तृत्वातला सगळा दारूगोळा तयार होता. ती तोंड उघडणार, इतक्यात बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आयुष्य काढलेला माणूस. दोन कागदांच्या मधली फट त्याला न बघता सापडते.

"साहेब," बाबा अत्यंत नम्रपणे म्हणाले, "आत ऐकायला बंदी आहे का?"

"ऐकायला कशी असेल?"

"मग झालं. हे तिचं ऐकायचं यंत्र आहे."

शब्द न् शब्द खरा होता. पण रखवालदाराचा चेहरा एकदम बदलला. त्याने टिटवीकडे पाहिलं, मोज्याकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे भरून आले. "अरे अरे! एवढं मोठं यंत्र लागतं पोरीला? आधी नाही का सांगायचं!" मग तो खाली वाकला आणि तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन, एकेक अक्षर सुटं करत ओरडला, "च-ल बा-ळा! पु-ढे ब-स-व-तो!"

टिटवी, शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेतली पहिली, सगळ्या गर्दीसमोरून हाताला धरून पुढच्या रांगेत नेली गेली. रांगेतल्या एका आजोबांनी तिच्याकडे पाहून उसासा टाकला. तिला ओरडून सांगायचं होतं की मला तुमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं ऐकू येतं. पण यंत्र सुरू झालं होतं. तिने जीभ दातांत धरली.

गाणाऱ्या ताई आल्या. "घ्या, वाटा, पण विकू नका!" म्हणाल्या, पण आवाज कसा खरखरीत आला. दोन गाणी झाली तसा तो आणखी बसला. इकडे रखवालदार कर्तव्याला चुकत नव्हता. दर गाण्यानंतर येई आणि मोज्याजवळ तोंड नेऊन (यंत्रातूनच ऐकू येत असणार ना!) गर्जे, "ऐ-कू ये-तं-य ना, बा-ळा?" टिटवी जोरजोरात मान हलवी. दुसऱ्या वेळेला बाबांनी तोंडावर बोट ठेवून त्याला खूण केली, तर तो समजूतदारपणे म्हणाला, "अहो, हळू बोललो तर तिला कसं ऐकू जाईल?"

टिटवीचा हात भरून आला. काकूंची दांडी पडद्याला हलकी असेल, पण माणसाला जड होती. समोर तिचं आवडतं गाणं चालू होतं, पाय आपोआप ताल धरायला निघत होते आणि ती त्यांना बुटांत दाबून ठेवत होती. पण गंमत अशी, की गप्प बसल्यावर तिला असं काहीबाही ऐकू यायला लागलं जे आजवर कधी ऐकू आलं नव्हतं. ढोलावर हात पडण्याआधी बोटातली अंगठी किंचित वाजते. ताई ओळ सुरू करण्याआधी ओठ मिटतात, त्याचाही बारीकसा आवाज असतो. मावशीकडच्या रेकॉर्डिंगमध्येही हे सगळं होतंच की! आपणच वर्षभर मोठमोठ्याने म्हणत होतो त्याच्यावर.

आणि मग 'ओली वाट' सुरू झालं.

पहिलं कडवं ताईंनी कसंबसं ओढलं. धृपदाच्या तोंडाशी आल्या आणि आवाज साफ गेला. नुसता वारा. वाजवणारे वाजवत राहिले. ताईंनी घसा धरला, हसल्या, आणि माईक लोकांकडे वळवून हाताने खूण केली: तुम्ही म्हणा.

कुणी म्हणेना.

म्हणणार कोण? या गाण्याचं धड रेकॉर्डिंग कुणाकडे नाही, शब्द कुणाला पक्के ठाऊक नाहीत. जो तो शेजाऱ्याकडे पाहत होता. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ते धृपद अक्षरन् अक्षर पाठ असलेली एकच व्यक्ती होती. मावशीकडच्या त्या रडक्या मुलाच्या रेकॉर्डिंगवरून तिने ते घोकलं होतं. 'थांबा ना जरा, वाट ओली आहे.' एवढंच तर म्हणायचं होतं! ताई थेट तिच्याकडेच बघत होत्या. टिटवीने छाती भरून श्वास घेतला.

आणि धरून ठेवला.

म्हटलं असतं तर मोज्यातल्या त्या चुगलखोराने तिचाच आवाज घेतला असता, दुसरं काही नाही. 'ओली वाट' पुन्हा एकदा धरणाऱ्याने बुडवलं असतं. न म्हटलं तर ताई तशाच उभ्या, गाणं तसंच लोंबकळत, आणि शेवटच्या खेपेचं हे असं. श्वास छातीत दुखायला लागला. वाजवणाऱ्यांनी तीच चाल पुन्हा फिरवून आणली.

आणि शेजारून, ज्या माणसाची रविवारची झोप बुडाली होती त्या माणसाचा, जाडाभरडा, बेसूर, ऑफिसात हजेरी घ्यावी तसा आवाज आला:

"थांबा ना जरा, *पाठ* ओली आहे!"

टिटवीने वळून पाहिलं. बाबा! बाबांना हे गाणं कुठून येतं? आणि पाठ? पाठ काय बाबा, वाट! वाट! तिच्या जिभेला दातांनी अक्षरशः करकचून धरलं होतं. इतकी मोठी चूक, इतक्या जवळ, आणि सांगता येत नाही!

पण हॉलला तेवढंच हवं होतं. कुणीतरी खात्रीने म्हणतंय म्हणजे तेच खरं असणार. आजोबांनी ओळ उचलली, मग मागच्या रांगा, मग बाल्कनी. सगळा हॉल एका सुरात, प्राण ओतून सांगत होता की पाठ ओली आहे. ताई हसता हसता खाली बसल्या. मग उठल्या आणि त्यांनीही, जेवढा उरला होता तेवढ्या आवाजात, 'पाठ'च म्हटलं.

बाहेर पडताना चार लोकांनी बाबांशी हात मिळवला. रखवालदाराने टिटवीच्या डोक्यावरून हात फिरवला. बाबा रस्त्याला लागले ते जरा छाती काढूनच.

"वाट," टिटवी म्हणाली. हॉलमध्ये शिरल्यापासूनचा तिचा पहिला शब्द.

"कुणाची?"

"गाण्यातली! 'वाट ओली आहे.' पाठ नाही बाबा."

बाबा थांबले. "पण तू तर पाठ म्हणतेस."

"मी? कधी?"

"रोज. बाथरूममध्ये. मी दार वाजवतो, मला ऑफिसला उशीर होत असतो. तू आतून म्हणतेस, थांबा ना जरा, पाठ ओली आहे." बाबा विचारात पडले. "मी म्हणायचो, पोरगी काय सुरात सांगते."

"अहो, मी तुम्हाला नव्हते सांगत. गात होते."

"हो का." बाबा थोडं चालले. दांडी त्यांनी तिच्या हातातून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली. मोजा मागे हलत होता. "पूर्वी दार वाजवलं तर आतून काही उत्तरच यायचं नाही. मग एक दिवस हे ऐकू यायला लागलं. म्हटलं, चला, बोलायला लागली आपल्याशी. म्हणून मी थांबायचो."

टिटवीने मागून दांडीचं मोज्याकडचं टोक धरलं. या वेळी जीभ दातांत धरायचीही गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पेशंट नव्हते तेव्हा मावशीने रेकॉर्डिंग लावलं. टिटवी पेशंटच्या खुर्चीत. दुसरी खुर्चीच नव्हती. 'ऐ-कू ये-तं-य ना, बा-ळा?' आलं तसा मावशीचा चेहरा कठीण झाला. दुसऱ्यांदा आलं तेव्हा ती खोकायला लागली. तिसऱ्यांदा आलं तेव्हा टिटवीला कळलं की तो खोकला नाही.

मग 'ओली वाट' आलं आणि मावशी हलेनाशी झाली. कडवं झालं. नुसती वाद्यं उरली. बाबा आले, हॉल आला, गाणं शेवटपर्यंत गेलं. मावशीने ते मागे नेलं, पुन्हा लावलं, आणि एका जागी बोट उचललं.

"हे काय आहे?"

टिटवीने कान दिला. चाल वाजतेय, कुणीच म्हणत नाहीये, आणि त्यात अगदी जवळून, कपड्याला कपडा घासावा तसा एक आवाज.

"मी," ती हळूच म्हणाली. "श्वास घेतला होता."

"गाणार होतीस?"

"हो." मग घाईघाईने, "नाही गायले पण! नुसता श्वास आलाय, तोही चुकून. खराब झालं का गं?"

मावशीने तीच जागा तिसऱ्यांदा लावली. श्वास आला, आणि थांबला. त्याच्यापुढे एक मोठी मोकळी जागा होती. टिटवीला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी मोठी. त्या जागेत एक खुर्ची करकरली, कुणीतरी घसा खाकरला, आणि बाबा एकटेच, चुकीच्या सुरात, चुकीचा शब्द घेऊन, अगदी ठामपणे आत आले.

"मी गायले असते," टिटवी म्हणाली, "तर बाबा गायलेच नसते."

"नसतेच," मावशी म्हणाली, आणि रेकॉर्डिंग होतं तसं सगळ्या वाटेकऱ्यांना पाठवून दिलं.